साखर कारखाना, विमान कारखाना आणि भारताचे अग्निबाण

१/
जून २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'इन-स्पेस' या नव्या संस्थेला मान्यता दिली, तेव्हा बहुतेक मथळ्यांचा आशय एकच होता: अवकाशाचे दार खाजगी क्षेत्राला उघडले. हे वाक्य त्यानंतर इतक्या वेळा वापरले गेले, की त्यापूर्वी ते दार कडेकोट बंद होते अशी आपली समजूतच होऊन बसली आहे. आजचा धागा या समजुतीविषयी आहे. दार बंद नव्हते. त्यातून खाजगी कारखानदार पन्नास वर्षे ये-जा करत होते. मात्र ते सरकारचा माल घडवायला आत जात, स्वतःचा नव्हे. हा फरक बारीक वाटतो, पण भारतीय अवकाश कार्यक्रमाचा औद्योगिक इतिहास त्यातच सामावलेला आहे.

२/
सुरुवात श्रीहरिकोट्यापासून न करता इंदापूर तालुक्यापासून करू. पुणे जिल्ह्याच्या या भागात नीरेच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि १९३० च्या दशकात कळंब गावाजवळ सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला. भोवती वसाहत वाढली ती वालचंदनगर. पुढे तेथे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रे तयार होऊ लागली, मग सिमेंट उद्योगाची, नंतर अणुभट्ट्यांसाठी लागणारी अवजड सामग्री. ज्या कारखान्याला जाड पत्रा वाकवून, जोडून, दाब सहन करील असे भांडे करता येते, त्याच्याकडे एक दिवस अग्निबाणवाले येणार हे ओघानेच आले.

३/
पण वालचंद शेठांचा या कथेशी संबंध याहून जुना आणि काहीसा चटका लावणारा आहे. दुसरे महायुद्ध सुरू असताना, डिसेंबर १९४० मध्ये, त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन केली. परकीय सत्तेच्या काळात भारतीय उद्योगपतीने विमान कारखाना काढावा, हे धाडस लहान नव्हते. १९४१ मध्ये भारत सरकार भागीदार झाले. जपान ब्रह्मदेशात उतरल्यावर कारखाना युद्धाच्या दृष्टीने मोलाचा ठरला, आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन टाकला. १९६४ मध्ये तिचेच, दुसऱ्या एका सरकारी कंपनीशी विलीनीकरण होऊन, 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड' झाले. आपल्या परिचयाचे 'एचएएल'. हे नाव लक्षात ठेवावे. ते धाग्यात पुन्हा येणार आहे.

४/
स्वातंत्र्यानंतर काय कोणी करायचे याची वाटणी १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने केली. शस्त्रास्त्रे, अणुऊर्जा, विमाने ही सर्व 'अ' यादीत, म्हणजे शासनाच्या कक्षेत. त्या यादीत अवकाशाचा उल्लेख नाही, आणि तो असणे शक्यही नव्हते. स्पुटनिक उडायला अजून वर्षभराहून अधिक अवधी होता. तरीही अवकाश त्या यादीत असल्यासारखेच वागवले गेले. त्याचे कारण घराण्यात आहे. १९६२ मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली ती डॉ. होमी भाभांच्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली, विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेत. मूल ज्या घरात जन्मले त्या घराचे रीतिरिवाज त्याला लागले.

५/
२१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेने दिलेला 'नाइके-अपाची' होता आणि त्यावरील सोडियम वाफेचे उपकरण फ्रान्सचे. आपली होती ती जागा. चुंबकीय विषुववृत्ताजवळची असल्याने ती जगाच्या कामाची होती, आणि म्हणूनच पुढे १९६८ मध्ये ते केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला समर्पित झाले. चर्चमधील कार्यालय, सायकलवरून नेलेला अग्निबाणाचा भाग, १९८१ मधील बैलगाडीवरचा 'ॲपल' उपग्रह: ही छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

६/
बैलगाडीबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण ते चित्र गरिबीचे प्रतीक म्हणून फिरते. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घेताना भोवती धातूचा अडथळा नको होता. लाकडी बैलगाडी ही त्या अडचणीवरची स्वस्त आणि अचूक युक्ती होती. या चित्रांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. त्यांत शास्त्रज्ञ दिसतो, कामगार दिसतो, बैलसुद्धा दिसतो. कारखाना दिसत नाही. आणि १९७० नंतरची गोष्ट कारखान्याशिवाय सांगताच येत नाही.

७/
डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई गेले. १९७२ मध्ये अवकाश आयोग आणि अवकाश विभाग स्थापन झाले आणि सूत्रे सतीश धवन यांच्याकडे आली. त्यांच्यापुढे प्रश्न होता: उपग्रह प्रक्षेपक, म्हणजे एसएलव्ही-३, बांधायचा तर त्याचे हजारो सुटे भाग कोण करणार? अणुऊर्जेप्रमाणे सर्व काही आपल्याच आवारात उभे करायचे, की बाहेरच्या कारखान्यांना शिकवायचे? धवन यांच्या काळात इस्रोने दुसरा मार्ग धरला. संशोधन, आराखडा, जुळणी आणि चाचणी आपल्याकडे. घडवण्याचे काम जमेल तितके उद्योगांकडे.

८/
येथे थांबून कारखानदाराच्या जागेवरून विचार करून पाहावा. एसएलव्ही-३ ची उड्डाणे एकूण किती झाली? चार. १९७९, १९८०, १९८१ आणि १९८३. म्हणजे एखाद्या कारखान्याला पहिल्या टप्प्याच्या मोटरीची कवचे द्यायची होती ती पाच-सहा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यासाठी वेगळे वेल्डर घडवायचे, प्रत्येक सांध्याची क्ष-किरण तपासणी करायची, सरकारी निरीक्षकाला कायम दाराशी बसवायचे. बाजाराच्या हिशेबात हा धंदा बसत नाही. दुसरे गिऱ्हाईक नाही, निर्यात नाही, आणि उद्या कार्यक्रमच रद्द झाला तर यंत्रे भंगारात.

९/
आणि काम तरी कसले? घन इंधनाच्या अग्निबाणात मोटरीचे कवच म्हणजे एकाच वेळी इंधनाची टाकी, ज्वलनकक्ष आणि वाहनाचा कणा. ते जाड केले तर अग्निबाण स्वतःच्याच वजनाने अडतो. पातळ केले तर आतल्या दाबाने फुटतो. पुढे पीएसएलव्हीसाठी २.८ मीटर व्यासाची कवचे मॅरेजिंग या अतिबलाढ्य पोलादाची करावी लागली. हे पोलाद हैदराबादच्या 'मिधानी' या सरकारी कंपनीत तयार होई आणि कवचे घडत ती लार्सन अँड टुब्रो व वालचंदनगर यांच्याकडे. मोटरीत सुमारे १३८ टन इंधन भरले जाते. त्यातला एखादा सांधा केसभर कच्चा राहिला, तर काय होईल ते सांगायला नको.

१०/
मग सरकारने मदत केली म्हणजे नेमके काय केले? अनुदानाचा धनादेश दिला, असे आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात मदतीचे स्वरूप निराळे होते. इस्रोने आराखडे दिले, कित्येकदा कच्चा माल दिला, जोडकामाची पद्धत शिकवली, महागडी यंत्रे काही ठिकाणी स्वतःच्या खर्चाने उभारली, आणि तयार झालेला माल घेण्याची हमी दिली. गिऱ्हाईक, मास्तर आणि परीक्षक ही तिन्ही कामे सरकारच करत होते. माझ्या मते यांतले मास्तरचे काम सर्वांत मोलाचे ठरले, कारण पैसा संपतो, पण वेल्डरच्या हातातली शिस्त पुढच्या कामालाही उपयोगी पडते.

११/
शिकण्याची किंमतही नेहमी पैशात दिली जात नसे. याचे सुंदर उदाहरण १९७४ च्या फ्रेंच कराराचे. 'एसईपी' या फ्रेंच कंपनीकडे 'वायकिंग' हे द्रव इंधनाचे इंजिन घडत होते. भारताला ते तंत्रज्ञान हवे होते, परकीय चलन मात्र नव्हते. तोड अशी निघाली की इस्रोच्या अभियंत्यांनी फ्रान्समध्ये जाऊन त्याच इंजिनाच्या कामात १०० मनुष्य-वर्षे श्रम द्यावेत आणि बदल्यात तंत्रज्ञान घ्यावे. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने ते काम केले. शिकाऊ उमेदवाराने मालकाकडे राबून कसब उचलावे, तसाच हा व्यवहार. फक्त उमेदवार एक अख्खे राष्ट्र होते.

१२/
त्या इंजिनाचा भारतीय अवतार म्हणजे 'विकास'. ते कुठे घडू लागले? मुंबईत, विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात, आणि हैदराबादला 'एमटीएआर' या कंपनीत. गोदरेजची सुरुवात १८९७ मध्ये कुलपांपासून झालेली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या होत्या. ऐंशीच्या दशकापासून तेथे इंजिनाचे भाग होऊ लागले. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा आजही 'विकास'वर चालतो. लोकलमधून विक्रोळी ओलांडताना हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

१३/
आता धाग्याच्या मर्मापाशी येतो: अपयश. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले. १८ जुलै १९८० चे यश सर्वांना ठाऊक आहे. पण त्यानंतरचा एएसएलव्ही १९८७ मध्ये पडला, १९८८ मध्ये पुन्हा पडला, १९९२ मध्ये साधला. पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण, सप्टेंबर १९९३, तेही अपयशी. या प्रत्येक वेळी कोट्यवधी रुपये समुद्रात गेले. संसदेत प्रश्न आले, वृत्तपत्रांनी टीका केली. पण पुरवठादार कारखान्यांपैकी एकही त्यामुळे बुडाला नाही. त्यांनी माल दिला, तो तपासणीत उतरला, बिल मंजूर झाले. पुढचा धक्का शासनाचा.

१४/
हीच त्या व्यवस्थेची खरी भांडवली गुंतवणूक होती, असे मला वाटते. भारतीय शासनाने अपयश विकत घेतले. ज्या देशात १९८० च्या दशकात दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तेथे लागोपाठ दोनदा पडलेल्या अग्निबाणाला तिसरी संधी मिळाली, हे कोणत्याही खाजगी भागधारकांच्या सभेत मंजूर झाले नसते.

१५/
या व्यवस्थेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा इतिहास न राहता आरती होईल. जो धोका घेत नाही, त्याच्याकडे मालकीही येत नाही. आराखडा इस्रोचा, हक्क इस्रोचे, गिऱ्हाईक इस्रो. पन्नास वर्षे उत्तम भाग घडवूनही एकाही भारतीय कारखान्याकडे स्वतःचा अग्निबाण नव्हता. मागणी वर्षाला दोन-तीन उड्डाणांची असेल तर कारखानदार नवे यंत्र तरी कशाच्या भरवशावर घेणार? अवकाशाचे काम प्रतिष्ठेचे होते. पोट भरत होते ते साखर, सिमेंट, कपाटे आणि शीतकपाटे यांच्यावर.

१६/
विक्रीची पहिली पायरी १९९२ मध्ये आली: 'अँट्रिक्स कॉर्पोरेशन', अवकाश विभागाची व्यापारी शाखा. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने इस्रो आणि रशियाच्या 'ग्लावकॉसमॉस'वर निर्बंध लादले, कारण क्रायोजेनिक इंजिनाचा करार. म्हणजे एका हाताने दुकान उघडायचे आणि दुसऱ्या हाताने, तंत्रज्ञान मिळणार नाही हे गृहीत धरून ते घरीच घडवायचे. ते इंजिन साधायला जानेवारी २०१४ उजाडले. ते घडवण्यात पुन्हा गोदरेज आणि एमटीएआर होतेच.

१७/
२६ मे १९९९ रोजी पीएसएलव्हीने भारतीय 'ओशनसॅट'सोबत कोरियाचा एक आणि जर्मनीचा एक छोटा उपग्रह कक्षेत सोडला. परक्या गिऱ्हाइकांची ही पहिली खेप. फेब्रुवारी २०१७ मध्ये एकाच उड्डाणात १०४ उपग्रह गेले; त्यांतले ८८ एकट्या 'प्लॅनेट' या अमेरिकन कंपनीचे. त्या विक्रमाने आपण हरखलो, आणि हरखण्यासारखे होतेही. पण चित्र कसे होते पाहा: गिऱ्हाईक खाजगी परदेशी कंपनी, विक्रेता मात्र भारत सरकार.

१८/
सरकारनेच दुकान चालवण्याचे धोके 'देवास' प्रकरणात दिसले. २००५ मध्ये अँट्रिक्सने या कंपनीशी एस-बँड लहरींच्या वापराचा करार केला, २०११ मध्ये तो रद्द झाला. आंतरराष्ट्रीय लवादांचे निवाडे भारताविरुद्ध गेले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून देवास गुंडाळण्याचा निर्णय कायम केला. त्याच्या गुणदोषांत येथे शिरत नाही. एवढेच नोंदवतो की करार झाला त्या काळी अवकाश विभागाचे सचिव, आयोगाचे अध्यक्ष, इस्रोचे अध्यक्ष आणि अँट्रिक्सचे अध्यक्ष ही एकच व्यक्ती असे. धोरण ठरवणारा, माल करणारा आणि विकणारा एकच असला, की शंका घ्यायला घरात कोणी उरत नाही.

१९/
'अमेरिकेत पाहा, खाजगी कंपनीने किती पुढे नेले' हा युक्तिवाद या टप्प्यावर हमखास येतो. तो अर्धा खरा आहे. स्पेसएक्सचा 'फाल्कन-१' तीनदा पडून सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्यांदा यशस्वी झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नासाने त्या कंपनीला अवकाश स्थानकावर माल पोचवण्याच्या १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. तेथेही शासन होतेच. फरक खरेदीच्या रीतीत होता. नासाने आराखडा दिला नाही, फेरी विकत घेतली, आणि तीही ठरलेल्या किमतीला. खर्च वाढला तर कंपनीच्या माथी. आराखडा, हक्क आणि नफा मात्र कंपनीचा.

२०/
भारतात तसे व्हायला २०२० उजाडले. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी एक बोलकी घटना घडली. आयआरएनएसएस-१एच हा दिशादर्शक उपग्रह प्रथमच खाजगी कंपन्यांच्या गटाने, इस्रोच्या देखरेखीखाली, जुळवला होता. उपग्रह ठीक होता. पीएसएलव्हीचे उष्णतारोधक कवच उघडलेच नाही आणि तो आतच अडकून राहिला. जुळणी खाजगी, अग्निबाण सरकारी, नुकसान सरकारी.

२१/
पुढचे टप्पे वेगाने सांगतो, कारण ते ताजे आहेत. २०१९: 'न्यू स्पेस इंडिया', नवी सरकारी व्यापारी कंपनी. २०२०: 'इन-स्पेस', परवाने देणारी आणि इस्रोच्या सुविधा इतरांना खुल्या करणारी संस्था. नोव्हेंबर २०२२: हैदराबादच्या 'स्कायरूट'चा 'विक्रम-एस', पहिला खाजगी भारतीय अग्निबाण, कक्षेत न जाणारा पण स्वतःचा. एप्रिल २०२३: अवकाश धोरण; इस्रोने नित्याच्या उत्पादनातून हळूहळू बाहेर पडून संशोधनावर लक्ष द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मे २०२४: चेन्नईच्या 'अग्निकुल'चे उड्डाण, श्रीहरिकोट्यातील स्वतःच्या तळावरून.

२२/
आणि आता तिसऱ्या क्रमांकात लक्षात ठेवायला सांगितलेले नाव. सप्टेंबर २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही संपूर्ण बांधण्याचे ८६० कोटींचे कंत्राट उद्योगाकडे गेले. कोणाकडे? एचएएल आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीकडे. जून २०२५ मध्ये छोट्या एसएसएलव्ही प्रक्षेपकाचे सारे तंत्रज्ञान लिलावाने द्यायचे ठरले. खाजगी गटही शर्यतीत होता. ५११ कोटींची बोली लावून जिंकली एचएएल. म्हणजे वालचंदांनी काढलेला, शासनाने १९४२ मध्ये घेतलेला कारखाना आज 'उद्योग' या नावाने शासनाकडून अग्निबाण विकत घेत आहे; आणि वालचंदांच्याच नावाचे गाव मोटरींची कवचे करत आहे.

२३/
यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. लिलाव खुला होता, एचएएलची बोली सर्वांत मोठी होती. पण यामुळे जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: अपयश कोण पेलणार? ज्याच्याकडे खोल तिजोरी आणि सरकारी पाठबळ आहे, तोच मोठी बोली लावू शकतो. पाच-सहा वर्षे वयाची नवी कंपनी दोन अपयशांनंतर तिसऱ्या उड्डाणाचे पैसे कुठून आणील? एएसएलव्हीला ती मुभा मिळाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने अवकाश क्षेत्रातील नवउद्योगांसाठी १,००० कोटींचा भांडवल निधी मंजूर केला, तो या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून पाहता येतो. पण भांडवल म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. पहिल्या दहा उड्डाणांची हमी देणारा खरेदीदार आजही शासनाखेरीज दुसरा दिसत नाही.

२४/
शेवटची गोष्ट कायद्याची, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. अग्निबाण किंवा उपग्रह पडून परदेशात हानी झाली, तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार भरपाई देणे प्रक्षेपक राष्ट्रावर बंधनकारक आहे; अग्निबाण सरकारी की खाजगी, हे तो करार विचारत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा त्याची ३० लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई मॉस्कोने दिली होती. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. त्याच वर्षी जुलैत 'स्कायलॅब' पडण्याच्या भीतीने गावोगाव काय गोंधळ उडाला होता, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

२५/
ही जबाबदारी कंपनीकडून किती वसूल करायची, विमा किती रकमेचा, सरकारची मर्यादा कोणती, हे ठरवण्यासाठी २०१७ मध्ये अवकाश कार्यवाही विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. हा धागा लिहीपर्यंत त्याचा कायदा झालेला नाही. म्हणजे हैदराबादच्या किंवा चेन्नईच्या एखाद्या कंपनीचा अग्निबाण उद्या भरकटून दुसऱ्या देशात पडला, तर भरपाईची मागणी प्रथम दिल्लीच्या टेबलावर येईल, आणि तेथून ती पुढे कोणत्या दाराशी जायची हे अजून लिहिलेले नाही.

(पुढील धागा: १९७५-७६ चा 'साइट' प्रयोग आणि २,४०० गावांतील दूरचित्रवाणी संच.)